सरीसृपांच्या निवासपेट्यांसाठी सुरक्षित सीलंटची निवड : रायगड किनाऱ्याच्या विशेष संदर्भात

सारांश

सरीसृप प्राण्यांच्या पेट्या व टाक्या यांचे सांधे बुजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजेच सीलंटचा, प्राण्यांच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात सिलिकॉन, पॉलियुरेथेन, इपॉक्सी, पॉलिएस्टर रेझिन इत्यादी द्रव्यांचे रासायनिक स्वरूप, ती पक्की होताना बाहेर पडणारे घटक आणि रायगड किनाऱ्यावरील दमट हवेचा त्यांवर होणारा परिणाम यांचे विवेचन केले आहे. द्रव्याचे नाव वा किंमत यांपेक्षा त्यातून काय बाहेर पडते, त्यात बुरशीनाशक मिसळले आहे काय आणि त्याला पक्के होण्यास पुरेसा वेळ दिला आहे काय, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोग्या काही सोप्या चाचण्याही सुचविल्या आहेत.

बीजशब्द : सरीसृप, निवासपेटी, सीलंट, सिलिकॉन, बुरशीनाशक, दमट हवामान, रायगड किनारा.

१. प्रस्तावना

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत पसरलेला रायगड जिल्ह्याचा किनारा हा खाड्या, खारफुटी, भातखाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जांभ्या दगडाचे सडे अशा भिन्न अधिवासांनी नटलेला आहे. साहजिकच येथे सरीसृपांचे वैविध्य मोठे आहे. नाग, घोणस, मण्यार व फुरसे हे विषारी साप, धामण, दिवड व अजगर हे बिनविषारी साप आणि घोरपड यांची गाठ येथील शेतकऱ्याला व बागायतदाराला नेहमी पडते. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की तुटक्या जाळ्यांत अडकलेली, जखमी झालेली कासवे वाहत येऊन किनाऱ्याला लागतात.

अशा प्राण्यांना काही काळ बंदिस्त जागेत ठेवणे कधीकधी अपरिहार्य होते. जखमी सापाला पशुवैद्याकडे नेईपर्यंत पेटीत ठेवावे लागते. कासवाच्या कापल्या गेलेल्या परावर उपचार करायचे तर त्याला आठवडे वा महिने टाकीत ठेवावे लागते. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील समुद्री कासव उपचार केंद्र हे अशा शुश्रूषेचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण होय. याखेरीज प्राणिसंग्रहालये आणि विदेशी सरीसृप बाळगणाऱ्या व्यक्ती यांनाही कायमस्वरूपी निवासपेट्यांची गरज असते.

येथे कायद्याची मर्यादा प्रारंभीच स्पष्ट करणे उचित ठरेल. नाग, घोणस, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव, समुद्री कासवे यांसारख्या देशी सरीसृपांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते पाळण्यासाठी जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. पकडलेल्या वा जखमी प्राण्याची माहिती वनविभागाला देऊन त्याच्या निर्देशानुसारच पुढील व्यवस्था करावी लागते. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारख्या साइट्स करारातील परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या विदेशी प्रजातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कलम ४९-एम आले आणि त्यानुसार २०२४ मध्ये नोंदणीचे नियम करण्यात आले. ही नोंदणी परिवेश २.० या संकेतस्थळामार्फत करावयाची असते. प्रस्तुत विवेचन कायद्याच्या या चौकटीत काम करणाऱ्यांसाठी आहे.

निवासपेटीचे तापमान, आहार व प्रकाश यांविषयी काळजी घेतली जाते. मात्र पेटीच्या सांध्यात भरलेल्या द्रव्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सुताराने वा काचकाम करणाऱ्याने हाताशी असेल ते द्रव्य भरून द्यावे आणि वास गेला की प्राणी आत सोडावा, अशी सर्वसाधारण रीत आढळते. जाळ्यातून वाचलेला प्राणी शुश्रूषेच्या पेटीतच विषारी बाष्पांनी दगावू नये, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

२. सांधे बुजविण्याची आवश्यकता

सांधे बुजविण्याचा हेतू केवळ पाण्याची गळती थांबविणे हा नाही. लाकडी वा प्लायवूडच्या पेटीतील फटींत विष्ठा, मूत्राम्लाचे पांढरे खडे आणि कात यांचे कण साचतात. त्यांत साल्मोनेला वंशाचे जिवाणू वाढतात. हे जिवाणू माणसालाही बाधतात. सापांच्या अंगावरील रक्तशोषक गोचिडीसारखे सूक्ष्म परजीवी, म्हणजेच माइट, अशाच फटींत अंडी घालतात. एकदा ते पेटीत शिरले की प्राण्यावर औषधोपचार करूनही त्यांचा समूळ नाश होत नाही, कारण त्यांचे मूळ सांध्यात असते. प्लायवूडच्या उघड्या कडा ओलावा शोषून फुगतात व थर सुटू लागतात. म्हणून पेटीच्या आतील बाजूचा प्रत्येक कोपरा पुसून निर्जंतुक करता येईल असा गुळगुळीत असणे आवश्यक ठरते.

तथापि, प्रत्येक पेटीला सीलंट लागतेच असे नाही. एक-दोन दिवसांसाठी साप ठेवायचा असेल तर हवेसाठी छिद्रे पाडलेला, घट्ट कुलूपबंद होणारा एकसंध साच्यातील प्लास्टिकचा डबा अधिक योग्य होय. त्याला सांधाच नसल्याने सांध्याचा प्रश्न उद्भवत नाही. सीलंटचा विचार करावयाचा तो दीर्घकाळ वापरावयाच्या काचेच्या, लाकडी, सिमेंटच्या वा फायबरच्या निवासासाठी.

३. सरीसृपांची शरीररचना आणि बाष्पांचा धोका

ज्या खोलीत माणसाला काहीच जाणवत नाही, तेथे पेटीतील सरीसृपाला त्रास होऊ शकतो. याची कारणे त्याच्या शरीररचनेत व पेटीच्या रचनेत आहेत.

पहिले कारण श्वसनाचे. साप व सरडे यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते आणि त्यांना जोराने खोकून फुफ्फुसातील स्राव बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांत उजवे फुफ्फुस लांबट असून डावे अत्यंत लहान वा लुप्त झालेले असते. श्वसनमार्गाचा दाह झाला की स्राव आतच साचतो आणि पुढे जंतुसंसर्ग होतो. समुद्री कासव एका श्वासात फुफ्फुसातील हवेचा मोठा भाग बदलते आणि ही हवा ते पाण्याच्या पृष्ठभागालगतच घेते. टाकीवर झाकण असेल तर बाष्पे नेमकी तेथेच साचतात.

दुसरे कारण गंधेंद्रियाचे. साप व घोरपड दुभंगलेल्या जिभेने हवेतील व जमिनीवरील कण टिपून टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे नेतात. पेटीच्या कोपऱ्यांची चाचपणी जिभेनेच होत असल्याने सांध्यातील द्रव्याशी त्यांचा संपर्क थेट असतो. पोटाचे खवलेही सतत तळाला टेकलेले असतात.

तिसरे कारण उष्णतेचे. सरीसृप बाह्य उष्णतेवर अवलंबून असल्याने पेटीत दिवा वा तापक लावला जातो आणि ऊन घेण्याच्या जागी तापमान अनेक प्रजातींसाठी ३५ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक ठेवले जाते. तापमान वाढले की सांध्यातील अपक्व द्रव्यातून बाष्पे अधिक वेगाने बाहेर पडतात. बाहेर थंड खोलीत निर्गंध वाटलेली पेटी दिवा लावताच वास सोडू लागते, ती यामुळेच.

चौथे कारण असे की, सरीसृपांचा चयापचय मंद असल्याने लक्षणे उशिरा दिसतात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीवर बुडबुडे येणे, मान वर ताणणे, अन्न नाकारणे, सुस्त पडून राहणे ही लक्षणे दिसेपर्यंत हानी झालेली असते. शिवाय कासवांना सुटलेल्या पट्ट्या व तुकडे कुरतडण्याची खोड असते. सिलिकॉनचा तुकडा रासायनिकदृष्ट्या निरुपद्रवी असला तरी आतड्यात अडकल्यास प्राणघातक ठरू शकतो.

४. किनाऱ्यावरील परंपरागत व प्रचलित द्रव्ये

पाणी आत येऊ न देण्याचे ज्ञान या किनाऱ्याला नवे नाही. लाकडी होडी व मचवा बांधताना फळ्यांच्या सांध्यांत राळ व तेल यांत भिजविलेला कापूस ठासून भरण्याची पद्धत होती. लाकडावर तेलाचा वा डांबराचा हात देऊन त्याचे आयुष्य वाढविले जाई. पुढे लाकडी सांगाड्यावर फायबरचे अस्तर चढविणे आणि संपूर्ण फायबरची नौका बांधणे रूढ झाले. त्यामुळे बंदरालगतच्या दुकानांत इपॉक्सी, पॉलिएस्टर रेझिन, बोटीच्या तळाचा रंग ही द्रव्ये सहज मिळतात आणि ती वापरणारे कुशल हातही तेथेच असतात. कासवासाठी टाकी बनवून घ्यायची तर अनेकदा अशाच कारागिराकडे जावे लागते.

परंतु नौकेसाठी उत्तम ते प्राण्यासाठी उत्तम, हे समीकरण चुकीचे आहे. नौकेच्या तळाचा रंग हा मुळात त्यावर कालवे, शेवाळ व अन्य सागरी जीव बसू नयेत म्हणून विषयुक्त केलेला असतो. त्यात बहुधा तांब्याची ऑक्साइडे असतात. डांबरात फिनॉल वर्गातील संयुगे व बहुचक्रीय हायड्रोकार्बन असतात आणि ऊन लागताच ती बाष्परूपाने बाहेर येतात. आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवूड पाण्यात टिकते, परंतु ते टिकावे म्हणून त्यावर कीड व बुरशी यांना मारक अशा संरक्षक रसायनांची प्रक्रिया केलेली असते. 'मरीन' हा शब्द पाण्यातील टिकाऊपणा दर्शवितो. पाण्यातील जिवाला असलेली सुरक्षितता दर्शवीत नाही.

५. आधुनिक सीलंटचे प्रकार व त्यांची योग्यता

(अ) सिलिकॉन : नळीतून येणारे एकघटकी सिलिकॉन हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन पक्के होते. या क्रियेत एक उपपदार्थ बाहेर पडतो आणि त्यावरून त्याचे तीन प्रमुख प्रकार पडतात. अ‍ॅसिटॉक्सी प्रकारातून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडते. सिरक्याचा तीव्र वास ही त्याची खूण होय. ऑक्सिम प्रकारातून मिथाइल इथाइल किटॉक्सिम बाहेर पडते. या संयुगाचे वर्गीकरण युरोपीय संघाने कर्करोगकारक पदार्थांत केले असून ते मार्च २०२२ पासून लागू आहे. अल्कॉक्सी प्रकारातून मिथेनॉल वा इथेनॉल बाहेर पडते. शेवटच्या दोन प्रकारांना बाजारात 'न्यूट्रल' असे संबोधिले जाते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सिरक्याचा वास तीव्र म्हणून ते सिलिकॉन घातक आणि न्यूट्रल सिलिकॉनला वास कमी म्हणून ते सुरक्षित, असे मानले जाते. वस्तुतः अ‍ॅसिटिक आम्ल पूर्णपणे उडून गेल्यावर मागे राहणारे शुद्ध सिलिकॉन रबर हे अत्यंत निष्क्रिय असते आणि काचेला ते घट्ट धरते. काचेची मत्स्यपेटी जोडण्यासाठी दीर्घकाळ हेच वापरले गेले आहे. उलट ऑक्सिमचा वास सौम्य असल्याने ते उडून गेले की नाही, हे नाकाला कळत नाही. तीव्र वास हा येथे शत्रू नसून सूचक आहे.

अ‍ॅसिटॉक्सीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. आम्लामुळे तांबे व जस्तलेपित लोखंड गंजते. सिमेंट व चुना यांच्याशी आम्लाची क्रिया होऊन पकड सुटते. म्हणून सिमेंटची टाकी, धातूची चौकट वा पीव्हीसीचे तक्ते यांसाठी अल्कॉक्सी प्रकारचे न्यूट्रल सिलिकॉन अधिक योग्य ठरते. स्वस्त सिलिकॉनमध्ये काही वेळा खनिज तेलाची भर घातलेली असते. असे द्रव्य कालांतराने आकसते व तेल पाझरते.

(आ) बुरशीनाशकयुक्त सिलिकॉन : किनारपट्टीवरील निवडीत सर्वांत मोठा धोका येथे आहे. पावसाळ्यात कोकणातील घरांच्या भिंती, चामडे, लाकूड या सर्वांवर बुरशी चढते. न्हाणीघरातील सांधे काळे पडतात. त्यामुळे दुकानदार सद्भावनेने 'सॅनिटरी', 'बाथरूम-किचन' वा 'अँटी-फंगल' असे लिहिलेले सिलिकॉन पुढे करतो. ग्राहकालाही ते अधिक दर्जेदार वाटते. या द्रव्यांत झिंक पायरिथिऑन, ऑक्टाइल आयसोथायाझोलिनोन, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशके मिसळलेली असतात. ओबीपीए हे आर्सेनिकयुक्त संयुगही सीलंट व प्लास्टिक यांत याच कामासाठी वापरले गेले आहे.

बुरशीला मारायचे तर बुरशीनाशकाला सांध्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते. म्हणजे ते हळूहळू बाहेर पाझरावे, अशीच त्या द्रव्याची रचना असते. अ‍ॅसिटिक आम्ल काही दिवसांत निघून जाते. बुरशीनाशक मात्र महिनोन्महिने येत राहते. झिंक पायरिथिऑन हे जलचरांना अत्यंत विषारी आहे. ओलसर पेटीत सांध्यावरील पाणी चाटणारा सरडा वा त्याच पाण्यात दिवसरात्र राहणारे कासव यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे. वाट पाहिल्याने हा दोष दूर होत नाही. त्यामुळे असे सीलंट पूर्णतः वर्ज्य मानावे. पेटीतील बुरशीवर योग्य उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे, ओला थर बदलणे व नियमित स्वच्छता करणे हा होय. 'शंभर टक्के सिलिकॉन' हे वेष्टनावरील शब्द बुरशीनाशक नसल्याची हमी देत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे.

(इ) पॉलियुरेथेन : याची पकड व लवचीकता उत्तम असते. परंतु पक्के होण्यापूर्वी त्यात आयसोसायनेट व द्रावके असतात. आयसोसायनेट श्वसनमार्गाला तीव्रपणे क्षोभक आहेत. कृत्रिम खडक व कपारी बनविण्यासाठी फुगणारा पॉलियुरेथेन फोम वापरण्याची पद्धत आहे. पूर्ण पक्का झालेला फोम बऱ्याच अंशी निष्क्रिय असतो. तथापि तो ज्वलनशील आहे आणि नखांनी सहज उकरला जातो. त्यामुळे त्यावर टणक सुरक्षित लेप द्यावा व तापकापासून तो दूर ठेवावा.

(ई) इपॉक्सी : रेझिन व हार्डनर या दोन घटकांचे प्रमाण अचूक असेल तरच इपॉक्सी पूर्ण पक्के होते. अंदाजाने मिसळल्यास एक घटक शिल्लक राहतो. त्यातील अमाइन वर्गीय हार्डनर त्वचेला व श्वसनाला बाधक असतो. दमट हवेत अमाइनची हवेतील पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी क्रिया होऊन पृष्ठभागावर तेलकट, चिकट थर येतो. पावसाळ्यात लावलेले इपॉक्सी 'वाळतच नाही' अशी तक्रार होते, तिचे हे एक कारण आहे. हा थर कोमट पाण्याने धुऊन व घासून काढावा लागतो.

योग्य रीतीने वापरलेले इपॉक्सी सुरक्षित असू शकते, याचे उदाहरण याच किनाऱ्याच्या शेजारी सापडते. सावित्री नदीच्या मुखापलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे जानेवारी २०२२ मध्ये 'प्रथमा' असे नाव दिलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशयंत्र बसविण्यात आले. कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्था यांच्या या उपक्रमात त्या हंगामात पाच माद्यांना अशी यंत्रे लावण्यात आली. कासवाच्या कवचावर अशी यंत्रे चिकटविण्यासाठी जगभर सामान्यतः दोन घटकांचे इपॉक्सीच वापरतात. मात्र पक्के होताना इपॉक्सी उष्णता सोडत असल्याने ते पातळ थरांत लावण्याची दक्षता घेतली जाते. द्रव्य एकच असले तरी प्रमाण, थराची जाडी व शिस्त यांवर सुरक्षितता अवलंबून असते, हा यातील बोध होय.

(उ) पॉलिएस्टर रेझिन व फायबर : फायबरच्या टाक्या कासवांसाठी सोयीच्या असतात, कारण त्यांना कोन नसतात व त्या खाऱ्या पाण्यात गंजत नाहीत. परंतु ताज्या पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीन हे बाष्पशील संयुग दीर्घकाळ बाहेर पडत राहते. अशी टाकी कारागिराकडून आणताच वापरू नये. उन्हात व वाऱ्यात तिला अनेक दिवस ठेवून, नंतर पाणी भरून व बदलून तिचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

(ऊ) वॉर्निश, अ‍ॅक्रिलिक व सिमेंट : लाकडासाठी द्रावकयुक्त वॉर्निशपेक्षा पाण्यात विरघळणारे, कमी बाष्पशील वॉर्निश बरे, मात्र ते पाण्याचे बाष्पीभवन होऊन वाळत असल्याने दमट हवेत त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो. अ‍ॅक्रिलिक सीलंट सतत ओल असलेल्या जागी टिकत नाही. नव्या सिमेंटच्या टाकीतून चुना उतरून पाणी अल्कधर्मी होते. त्यामुळे पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत टाकी पुनःपुन्हा भरून रिकामी करावी लागते.

६. दमट हवामानाचा दुहेरी परिणाम

रायगड किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या हवेचा परिणाम सर्व द्रव्यांवर सारखा होत नाही. सिलिकॉन ओलाव्यानेच पक्के होत असल्याने दमट हवा त्याला साहाय्यक ठरते. याउलट इपॉक्सी व पाण्यावर आधारित वॉर्निश यांना ती बाधक ठरते. म्हणून पावसाळ्यात दुरुस्ती करावीच लागली तर ती सिलिकॉनने करावी आणि इपॉक्सी, फायबर व वॉर्निश यांची कामे नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात उरकावीत, असा क्रम योग्य ठरतो.

दमट हवेतही सिलिकॉनला वेळ द्यावाच लागतो. त्याचा पृष्ठभाग काही मिनिटांतच कोरडा लागतो. परंतु सुकणे वेगळे आणि पक्के होणे वेगळे. पक्के होण्याची क्रिया बाहेरून आत सरकते आणि पहिल्या चोवीस तासांत सामान्यतः दोन ते तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच पोचते. पुढे ओलावा जाड थरातून आत शिरावा लागत असल्याने वेग मंदावतो. खोली दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच अधिक लागतो. दोन काचांमध्ये दबलेल्या सांध्याला तर केवळ कडेनेच हवा मिळते. त्यामुळे साध्या कोपऱ्याला किमान एक आठवडा आणि जाड वा दबलेल्या सांध्याला किमान दोन आठवडे देणे इष्ट होय. पेटी झाकून ठेवल्यास उपपदार्थ आतच कोंडतात, म्हणून हा काळ ती उघडी असावी.

३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. अशा आपत्तीत काच फुटली वा सांधा सुटला तर प्राण्याला दुरुस्तीच्या पेटीत ठेवून काम करण्याचा मोह होतो. तो टाळण्याचा एकच मार्ग म्हणजे प्रत्येक प्राण्यामागे एक एकसंध प्लास्टिकचा पर्यायी डबा वा टब आधीच सज्ज ठेवणे.

७. निवड व चाचणीची कार्यपद्धती

खरेदीच्या वेळी उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. ते सोळा भागांचे असते. दुसऱ्या भागात धोके, तिसऱ्यात घटक, अकराव्यात विषारीपणा आणि बाराव्यात जलचरांवरील परिणाम नमूद असतात. आयसोथायाझोलिनोन, पायरिथिऑन, कार्बेन्डाझिम, आर्सेनिक, किटॉक्सिम हे शब्द आढळल्यास ते द्रव्य नाकारावे. मत्स्यपेटीसाठी, अन्नसंपर्कासाठी वा पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी प्रमाणित असलेल्या द्रव्यास प्राधान्य द्यावे. माहितीपत्रक उपलब्धच नसेल तर ते द्रव्य घेऊ नये.

सांधा भरण्यापूर्वी जुने सिलिकॉन पूर्णपणे खरवडून काढावे, कारण पक्क्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी. थर आवश्यक तेवढाच, सलग व गुळगुळीत असावा. सुटी टोके कापून टाकावीत.

काम पुरे झाल्यावर पुढील चाचण्या कराव्यात.

(१) वजनाची चाचणी : सांधा भरतानाच तेवढ्याच जाडीची एक पट्टी काचपट्टीवर घालून ठेवावी आणि रोज ठरावीक वेळी सूक्ष्म तराजूवर तिचे वजन करावे. उपपदार्थ उडत असेतो वजन घटत राहते. सलग तीन दिवस वजन जवळपास स्थिर राहिले की पक्के होण्याची क्रिया पुरी झाली, असे मानता येते. रसायनशास्त्र विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात ही चाचणी करणे शक्य आहे.

(२) पीएच चाचणी : टाकीत वा नमुन्याच्या पट्टीवर स्वच्छ पाणी चोवीस तास ठेवून त्याचा पीएच मूळ पाण्याशी ताडून पाहावा. अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन अपक्व असल्यास पीएच खाली येतो; कच्च्या सिमेंटमुळे तो वर जातो.

(३) उष्णतेची चाचणी : रिकाम्या पेटीतील दिवा व तापक दोन-तीन दिवस चालू ठेवावेत. त्यानंतर पेटी चोवीस तास बंद करून उघडताच वास घ्यावा. किंचितही वास आला तर आणखी एक आठवडा थांबावे.

(४) जैविक चाचणी : पाण्याच्या टाकीसाठी, पक्क्या सीलंटचे तुकडे चोवीस तास ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात आर्टेमिया या सूक्ष्म कवचधारी प्राण्याची पिल्ले सोडून, साध्या मिठाच्या पाण्यातील पिल्लांशी त्यांची तुलना करावी. विषारीपणाच्या प्राथमिक तपासणीसाठी ही पद्धत प्रचलित आहे. तिने पाण्यात उतरणारे घटकच कळतात. हवेत जाणारे नव्हे. म्हणून ती पहिल्या तीन चाचण्यांना पूरक ठरते, पर्याय नव्हे.

या चाचण्यांनंतर प्राणी पेटीत सोडल्यावर पहिले काही दिवस त्याच्या श्वसनाकडे लक्ष द्यावे. शंका येताच त्याला पर्यायी डब्यात हलवून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

८. निष्कर्ष

(१) सीलंटची सुरक्षितता त्याच्या नावावर नव्हे, तर पक्के होताना व त्यानंतर त्यातून काय बाहेर पडते यावर अवलंबून असते.

(२) काचेच्या पेटीसाठी बुरशीनाशकविरहित अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन आणि सिमेंट, धातू व पीव्हीसी यांसाठी बुरशीनाशकविरहित अल्कॉक्सी सिलिकॉन ही सर्वसाधारणपणे योग्य निवड होय.

(३) किनाऱ्यावरील दमट हवेमुळे आकर्षक वाटणारे बुरशीरोधक सीलंट हेच सरीसृपांसाठी सर्वाधिक धोक्याचे आहे. कारण त्यातील विष वाट पाहिल्याने नाहीसे होत नाही.

(४) नौकाबांधणीतील डांबर, तळाचा रंग व संरक्षक प्रक्रियायुक्त प्लायवूड यांचा निवासपेटीच्या अंतर्भागात वापर करू नये. फायबर व इपॉक्सी यांचा वापर अचूक प्रमाण व पुरेसा काळ या अटींवरच करावा.

(५) अल्पकालीन बचावकार्यासाठी सांधेविरहित प्लास्टिकचा डबा हाच श्रेयस्कर होय.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी स्थानिक बाजारात मिळणाऱ्या सीलंटची वरील पद्धतीने तपासणी करून त्याची सूची वनविभाग व सर्पमित्र यांना उपलब्ध करून दिल्यास तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल. त्यासाठी लागणारी साधने महाविद्यालयांकडे आहेत आणि त्याची निकड दर पावसाळ्यात नव्याने उभी राहते.